आबांच्या हातातला रिमोट

होम थिएटर आमच्या घरी मीच हौसेने आणलं. पहिल्याच दिवशी मॅच लावली, चौकार गेला, प्रेक्षक ओरडले आणि शेजारच्या गोठ्यातली म्हैस दावं तोडून थेट भाताच्या खाचरात. असा आमचा थाट! पण त्या थाटाला रिमोट तीन. टीव्हीचा एक, सेट टॉप बॉक्सचा एक, आणि होम थिएटरचा एक, जो इतर दोघांना जुमानत नसे.

एका दुपारी घरी आलो, तर आबा, म्हणजे माझे वडील, कोऱ्या निळ्या पडद्यासमोर बसलेले. हातात रिमोट, तोही उलटा. हा माणूस एस.टी.चा ड्रायव्हर, कर्जत डेपोतून निवृत्त झालेला. बिघडलेल्या वस्तूला आधी शिवी घालायची, मग हात लावायचा, ही त्याची रीत. आणि तो चक्क गप्प!

"आबा, काय बघताय?"

"बघतोय," ते म्हणाले. बस्स.

थोरल्या काकांचं असंच सुरू झालं होतं. आधी रेडिओचं बटण सापडेना. मग एकदा त्यांनी कशेळ्याच्या नाक्यावर उभं राहून जीप थांबवली आणि विचारलं, "कशेळ्याला जानार काय रं?" जीपमधली माणसं खो खो हसली. आमच्या घरात त्या दिवशी कुणाला घास गेला नाही. पुढे तर आबांकडेच, सख्ख्या धाकट्या भावाकडे बघून काका म्हणाले, "पावनं, तुमी कुठलं?"

मी कुणाला काही बोललो नाही. तीन रिमोट हाच रोग, असं मी ठरवून टाकलं. घाबरलेला माणूस बाजारात मिळेल तोच इलाज शोधतो. सगळ्यांना मिळून एक असा रिमोट मिळतो म्हणे, तो घ्यायला आबांना घेऊन कर्जतला गेलो. खरं सांगायचं तर मला रिमोट निवडायचा नव्हताच. मला त्यांची बोटं बघायची होती.

दुकानदाराने काउंटरवर तीन रिमोट मांडले. एकावर बटणंच बटणं, भेळेवर शेव पसरावी तशी. दुसरा म्हाताऱ्यांसाठी, मोजकी आणि मोठाली बटणं असलेला. तिसरा साधा, काळा, जरा जाडसर.

"आजोबा, हा मोठ्या बटणांचा घ्या. चष्मा नसला तरी चालतो."

मी विदूषकाचा आव आणून म्हणालो, "आबा, समजा आवाज वाढवायचाय. कुठलं बटण दाबाल?"

आबांनी माझ्याकडे पाहिलं, मग रिमोटकडे. बोट उचललं. ते हवेत थांबलं. दुकानातला पंखा तेवढा फिरत होता.

मग त्यांनी बोट मागे घेतलं आणि डोळेच मिटले.

झालं, मला वाटलं. पण आबा मिटल्या डोळ्यांनी एकेक रिमोट हातात घेऊन अंगठ्याने चाचपू लागले. मोठ्या बटणांचा त्यांनी बाजूला सारला. "सगळी बटनं सारखी गुळगुळीत. ह्याच्यात पयला कुठला नि रिव्हर्स कुठला?" शेवेचा रिमोट तर त्यांनी धरताच खाली ठेवला. काळ्याच्या मधोमध आवाजाचं बटण वेगळं होतं, वरखाली होणारं, जरा उंच. तिथे अंगठा थांबला.

"हा दे," ते म्हणाले. "गिअरकडं बघून गाडी हाकनारा ड्रायव्हर नसतो रं. हाताला कळाय पायजे."

दुकानदार हसला. मी तर त्याच्यापेक्षा मोठ्याने हसलो. पण ते बोट हवेत थांबलेलं मी पाहिलं होतं.

घरी आल्यावर नव्याला शिकवणं आलं. जुना रिमोट त्याच्यासमोर तोंडाला तोंड लावून धरायचा, इकडचं बटण दाबायचं, तिकडचं दाबायचं, की नवा ते शिकतो. आबा शेजारी बसून सगळं बघत होते. "ह्यो झटक्यात शिकतोय," ते हळूच म्हणाले.

शिकवणी झाल्यावर मी रिमोट त्यांच्या हातात दिला. आवाज वाढवा म्हटलं, वाढवला. कमी करा, केला. माझा जीव जरा भांड्यात पडतोय, तोवर मी म्हणालो, "आता बातम्या लावा." त्यांनी सगळंच बंद केलं. पुन्हा चालू करून दिलं. पुन्हा बंद. तिसऱ्यांदा मी म्हशीचा आवाज काढून हसवायला गेलो. ते हसले नाहीत. पण या वेळी बातम्या लागल्या. निवेदिका घसा फोडून सांगत होती, पाचही स्पीकर घुमत होते, आणि आबांनी अंगठा सरकवून एक बटण दाबलं.

आवाज गेला. पडद्यावर तिचं तोंड तेवढं हलत राहिलं.

"आता बोल," आबा म्हणाले.

"काय बोलू?"

"कवापासनं चोरावानी माज्या हाताकडं बघतोयस. दुकानात परीक्षा घेतलीस. दादाचं झालं तसं माजं होतंय, आसंच ना?"

मी मान डोलावली.

"मी बी भ्यालोय रं," ते म्हणाले. "सकाळी चहा पितो नि मनातल्या मनात डेपोपासनं मुरबाडपर्यंतचं सगळं थांबं म्हनतो. काल मधलं दोन गळालं."

मी त्यांचा हात धरला. रिमोट धरलेलाच हात.

"उद्या डाक्टरकडं नेशील?"

"नेतो."

"मग आत्ता ह्या बाईला बोलू दे," ते म्हणाले आणि अंगठ्याने ते बटण शोधू लागले. मी सांगितलं नाही. सांगायचं नाही म्हणून ओठ दाबून बसलो.