पटावर नसलेली मुलं

आमच्या शाळेच्या फाटकावर एक पाटी आहे. दर जुलैत रंगारी शिडी लावतो, जुनं वर्ष खरवडतो आणि नवं लिहितो. पुढचा आकडा मात्र त्याला वीस वर्षांत कधी खरवडावा लागलेला नाही. 'उत्तम महाविद्यालयांत प्रवेश : शंभर टक्के.' हा आकडा हेडमास्तरांनी कमावलेला नाही, शिक्षकांनी नाही, मुलांनी तर नाहीच. तो आमच्या हेडक्लार्क साहेबांनी कमावला. मुलं त्यांना पाठीमागे 'शंभर' म्हणायची.

शाळा सरकारी, पण सगळ्यांना मिळते असं नाही. अकराव्या वर्षी परीक्षा होते आणि हजारोंतून साठ मुलं घेतात. इतकी चाळून घेतलेली पोरं, पुढे आम्ही नुसते पंखे लावतो, असं आमचे गणिताचे सर म्हणतात. तरीही बारावीनंतर दरवर्षी पाच-सात जणांना कुठेच प्रवेश मिळत नाही. कुणाला परीक्षेच्या दिवशीच ताप येतो, कुणाच्या घरात त्याच आठवड्यात मयत होते. शेवटी माणसांचीच पोरं ती.

या पाच-सात जणांवर साहेबांनी तोड काढली होती. मोजणी तीस जूनला व्हायची : पटावर किती आणि त्यांतल्या किती जणांना प्रवेश. त्याआधीच्या आठवड्यात साहेब या मुलांना एकेकटं ऑफिसात बोलवायचे आणि कपाटाशेजारच्या स्टुलावर बसवायचे. समोर छापील अर्ज ठेवायचे. 'घरगुती कारणामुळे मी शाळा सोडत आहे. माझे नाव पटावरून कमी करावे.' सही झाली की मूल पटावरून गेलं, आणि पटावर नसलेल्या मुलाचं अपयश कोण मोजणार? साठातले सहा गेले की चोपन्नात चोपन्न. "यात खोटं एक अक्षर नाही," असं साहेब छाती पुढे काढून सांगायचे.

मूल कां-कूं करायला लागलं तर साहेब मऊ आवाजात सांगायचे, "बाळ, सही केलीस तर दाखला स्वच्छ मिळेल. नाहीतर त्यावर 'प्रवेश मिळाला नाही' असा शेरा पडतो. जन्मभर पुसला जात नाही तो." असा शेरा मारायची पद्धत आमच्याकडे कधीच नव्हती. ते मला पुढे नोकरीला लागल्यावर कळलं. शेऱ्याची धमकी मात्र मी आधीच ऐकली होती, कारण त्या स्टुलावर मी बसलेली आहे.

तेव्हा मी सतरा वर्षांची होते आणि एका चांगल्या कॉलेजच्या प्रतीक्षा यादीत पाचवी होते. "थोडं थांबू का, साहेब?" असं मी विचारलं. "प्रतीक्षा यादीवर कुणाचं पोट भरत नाही, बाळ," ते म्हणाले. मी अर्ज वाचायला उचलला तर त्यांनी तो पुन्हा टेबलावर सपाट केला. "वाचायचं काय त्यात? सही कर." मी केली. मग घरी बसून बाहेरून परीक्षा दिल्या, लग्न झालं, आडनाव बदललं, क्लार्कची परीक्षा पास झाले आणि नेमणूक आली ती नेमकी याच शाळेत. साहेबांनी मला ओळखलं नाही. मीही ओळख दिली नाही.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला जुनं कपाट लावायला सांगितलं. खालच्या खणात त्या मुलांची फाईल होती आणि तिच्यात माझ्या नावाचं पत्र होतं. कॉलेजने लिहिलं होतं की जागा रिकामी झाली आहे, ही विद्यार्थिनी आपल्या पटावर असल्याचं दोन दिवसांत कळवावं. मी सही केल्यानंतर नऊ दिवसांनी ते पत्र आलेलं होतं. मागे उत्तराची प्रत टाचली होती. 'सदर विद्यार्थिनी या शाळेच्या पटावर नाही.' खाली साहेबांची लफ्फेदार सही. मला कुणी कळवलं नव्हतं. त्या दिवशी साहेबांचा गळा दाबावा असं मला खरोखर वाटलं. दाबला नाही. डबा खाल्ला आणि कागद तारखेप्रमाणे लावून ठेवले.

साहेबांची मुलगी तेव्हा आठवीत होती. वशिल्याने नाही, परीक्षा देऊन आलेली. शाळा सुटली की वडिलांचं काम संपेपर्यंत ती माझ्या टेबलाशी अभ्यास करत बसायची. मला ताई म्हणायची. तिला जनावरांची डॉक्टर व्हायचं होतं. शाळेच्या मागच्या लंगड्या कुत्र्याचा पाय तिने पट्टी आणि सुतळीने बांधला होता, आणि कुत्रं तिला चावलं तरी पाय सोडला नव्हता. पाच वर्षं मी तिच्या वह्यांना कव्हरं घातली. मला ती आवडायची, हे इथे लिहायलाच हवं.

गेल्या वर्षी ती बारावी झाली. परीक्षेत दोन पेपर तापात दिले आणि जनावरांच्या कॉलेजच्या प्रतीक्षा यादीत तिसरी लागली. साहेब ऑगस्टमध्ये निवृत्त होणार होते. जूनच्या शेवटच्या आठवड्यात सहा मुलांची यादी झाली आणि त्यात सहावं नाव तिचं होतं.

हेडमास्तर स्वतः उठून आमच्या खोलीत आले. "साहेब, मुलीचं नाव राहू द्या. यंदा अठ्ठ्याण्णव टक्के लिहू. आभाळ कोसळत नाही."

"लोकांच्या पोरांना एक न्याय आणि माझ्या पोरीला दुसरा?" साहेब म्हणाले. सगळ्या खोलीला ते फार थोर वाटलं. मी त्यांच्या शेजारच्या टेबलाशी बसत होते. साहेबांची नजर खिडकीतून फाटकाकडे गेलेली मला दिसली. न्यायबिय काही नव्हतं, निवृत्तीच्या वर्षी पाटी खरवडलेली त्यांना बघवणार नव्हती.

दुपारी ती स्टुलावर बसली. "बाबा, आठ-दहा दिवस थांबू या ना. तिसराच नंबर आहे."

"प्रतीक्षा यादीवर कुणाचं पोट भरत नाही, बाळ."

"पण घरगुती कारण कोणतं? कुणी विचारलं तर काय सांगू?"

"कुणी विचारत नाही. वाचायचं काय त्यात? सही कर."

तिने माझ्याकडे पाहिलं. मी स्टेपलरमध्ये पिना भरत होते. त्या भरून झाल्यावर काढल्या आणि पुन्हा भरल्या. तोवर तिची सही झाली होती.

सहा जुलैला कॉलेजचं पत्र आलं. टपाल मीच फोडते. जागा रिकामी झाली होती, यादीतली पहिली दोन मुलं दुसरीकडे गेली होती. सही करून पंधरा दिवस झाले नसतील तर नाव पुन्हा पटावर घेता येतं, तसा नियम आहे आणि हेडमास्तरांची एक सही पुरते. साहेब बाहेर शिडीपाशी उभे होते आणि शंभरातली शून्यं जरा मोठी काढ म्हणून रंगाऱ्याच्या मागे लागले होते. मी खिडकीतून हाक मारली असती तरी त्यांना ऐकू गेली असती.

मी हाक मारली नाही. कागद घातला आणि ते एकच वाक्य टाइप केलं. 'सदर विद्यार्थिनी या शाळेच्या पटावर नाही.' सहीच्या फोल्डरमध्ये ते वरून तिसरं ठेवलं. अगदी तळाशी लपवलं नाही, असं मी नंतर बरेच दिवस स्वतःला सांगत होते. साहेब आले, बोटांना पांढरा रंग लागलेला, आणि उभ्या उभ्या सात कागदांवर सह्या केल्या.

"काही विशेष?" त्यांनी विचारलं.

"नेहमीचंच, साहेब."

बारा दिवसांनी मुलगी ऑफिसात आली. तिने कॉलेजात फोन करून विचारलं होतं. तोवर तिची जागा चौथ्या नंबरच्या मुलाला देऊन झाली होती. "बाबा, तुम्ही त्यांना मी शाळेत नाही असं लिहिलंत?"

"मी कशाला लिहीन?"

मी कुणी न सांगताच जावकाची प्रत काढून त्यांच्यासमोर ठेवली. त्यांनी ती डोळ्यांजवळ नेली. सहीच्या कडेला पांढऱ्या रंगाचा ठिपका होता.

"हे तू टाइप केलंस?"

"हो."

"नाव वाचलं नव्हतंस?"

"वाचलं होतं."

साहेब खुर्चीत बसले. "का?" एवढंच त्यांनी विचारलं. या प्रश्नाची मी पाच वर्षं तयारी केली होती. मी फाईल काढली आणि माझं पत्र त्यांच्या हातात दिलं. त्यांनी वरचं नाव वाचलं, पान उलटलं, स्वतःची सही पाहिली, पुन्हा नाव वाचलं. ते मनापासून आठवत होते, ढोंग नव्हतं.

"ही कोण?" त्यांनी विचारलं.

त्या स्टुलावरून उठल्यापासून अकरा वर्षं मी या माणसाचा रोज मनात हिशेब चुकता करत होते आणि त्याच्या लेखी मी कुणीच नव्हते. "मी, साहेब," मी म्हणाले. त्यांना तरीही नीट कळलं नसावं. मुलीला कळलं. तिने वडिलांच्या हातातून तो कागद घेतला आणि स्वतःच्या कागदाशेजारी ठेवला. दोन्हीवर तेच वाक्य. मग ती माझ्याकडे वळली.

"बाबांना माहीत नव्हतं कसं वाटतं ते," ती म्हणाली. "तुम्हाला माहीत होतं, ताई."

मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते?

ऑगस्टमध्ये साहेबांचा निरोप समारंभ झाला. हेडमास्तरांनी एकोणीस वर्षांच्या शंभर टक्क्यांवर भाषण केलं आणि टाळ्या पडल्या. मुलगी आली नव्हती. ती औषधांच्या दुकानात कामाला लागली आहे असं ऐकते. मी त्या रस्त्याने जात नाही.

हेडक्लार्कचं काम सध्या माझ्याकडे आहे. या जूनमध्ये पाच मुलं होती. पाटीचं काय करायचं ते हेडमास्तरांनी मला विचारलं नाही, मीही विचारलं नाही. स्टूल कपाटाशेजारीच आहे आणि छापील अर्ज अजून निम्मे शिल्लक आहेत. मी साहेबांसारखी घाई करत नाही, अर्ज नीट वाचू देते. वाचून झाला की मुलं माझ्याकडे बघतात, आणि मग सही करतात.