आक्काचा भंडारा

"तोंड कसं झालं त्याचं? परत सांग."

वरकुट्याच्या आक्काकडे गेलं की चहाच्या आधी हे यायचं. पदर कानामागं खोचायची, चांगला कान माझ्याकडे करायची आणि डोळे मिटायची. मी सांगायचे. सांगून झालं की एक डोळा उघडायची. "घाम आलेला सांगितला न्हाईस." की मी पुन्हा घामापासून सुरू.

तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल, ज्याला क्षमा वगैरे जमत नाही. त्याला नावं ठेवण्याआधी हे ऐका.

मी दुभाषी. वालचंदनगरच्या क्वार्टर्समध्ये वाढले, इंग्रजी बरं आहे. परदेशी मदतीतून चाललेल्या शेतीच्या प्रकल्पांचं पुढं काय झालं हे तपासायला पाहुणे आले, की बारामतीहून मला बोलावतात. असाच एक प्रकल्प होता. इथल्या शेळ्यांची जात सुधारावी म्हणून प्रकल्पानं गावोगाव पांढरेशुभ्र विदेशी बोकड वाटले.

आक्काच्या दारात बोकड आला तोच खोकत. "साहेब, ह्यो आजारी हाय, माघारी न्या," ती म्हणाली. प्रकल्पाचा साहेब म्हणाला, "प्रवासाचा शीण आहे, आक्का." थोड्याच दिवसांत बोकड मेला आणि मागोमाग आक्काच्या बहुतेक शेळ्या. वर ग्रामसभेत, सगळ्या भावकीसमोर, साहेबानं ठोकून दिलं, "बाईंनी हयगय केली."

हयगय! थंडीत करडू कुडकुडायला लागलं तर त्याला आपल्या वाकळेत घेऊन झोपणारी बाई ही! लोक विश्वासानं तिच्याकडे अर्धलीनं शेळ्या द्यायचे. सांभाळ तिचा, करडं निम्मी निम्मी. त्या सभेनंतर जो तो आला आणि जगलेली शेळी सोडून घेऊन गेला. सख्ख्या चुलतभावानंही नेली. दावण मोकळी झाली.

"मेलेल्या शेळ्यांचं रडून झालं," ती म्हणायची. "नेलेल्या शेळ्या इसरत न्हाय मी."

मग तपासणी आली. कुणाच्या घरी जायचं ते पाहुण्यांनी आपल्या मनानं ठरवलं आणि त्यात आक्काचं घर निघालं. साहेबाची धांदल उडाली. त्यानं सकाळीच पिकअपमधून एक धष्टपुष्ट बोकड आणून तिच्या दारात बांधला. "नवा दिलाय म्हणायचं बरं का, आक्का." आमची जीप निघाली की तोच बोकड आडवाटेनं पुढच्या गावाला जाणार होता. पांढरे बोकड सगळे सारखेच दिसतात, परक्या माणसाला काय कळणार, हा त्याचा हिशेब. आक्का म्हणाली, "व्हय साहेब. तुमी म्हणाल तसं." हे सगळं मला तिनं मागाहून सांगितलं.

आम्ही पोचलो तेव्हा ती ताट घेऊन दारात उभी होती. तपासणीला आलेल्या परदेशी बाईला तिनं ओवाळलं. आम्हा सगळ्यांच्या कपाळाला भंडारा लावला, साहेबाच्याही. मग ती बोकडाकडे वळली. भंडारा तेलात कालवला, त्याच्या कपाळाला फासला आणि पाठीवर अख्खा पंजा उमटवला.

"अहो आक्का, पुरे!" साहेब म्हणाला.

"खंडोबाचा मान हाय, साहेब. दारात आलेलं जनावर तसंच बांधू व्हय?"

आता देवाच्या कामाला नाही कोण म्हणणार? परदेशी बाई तर खूश होऊन फोटोवर फोटो काढत होती. साहेब हसला. हसण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

वाटेत आमचं जेवण झालं. पुढच्या गावाला, लोणी भापकरला पोचलो, तर तिथल्या गोठ्यासमोर एक पांढरा बोकड बांधलेला, ओलाचिंब. त्याच्या कपाळावर आणि पाठीवर लालभडक डाग. पाठीवरची पाच बोटं मोजून घ्यावीत अशी. साहेबाच्या माणसांनी घाईघाईत त्याला कपडे धुवायचा साबण चोळला होता. हळदीला साबण लागला की ती लाल होते, हे जन्मात एकदा तरी कपडे धुतलेल्या कुणालाही विचारा. या बाप्यांनी कधी धुतले असतील तर ना!

बाईनं मोबाइलमधला फोटो पाहिला, बोकड पाहिला आणि साहेबाकडे वळून इंग्रजीत विचारलं. साहेबाला इंग्रजी येत होतं. तरी मी भाषांतर केलं. कामात मी पदरची भर घालत नाही. त्या दिवशीही घातली नाही. आवाज तेवढा वाढवला. "बाई विचारतात, सकाळी आक्काच्या दारात होता तोच का हा बोकड?" गोळा झालेल्या सगळ्या गावानं ऐकलं. साहेबानं चष्मा काढून पुसला, तसाच हातात धरून राहिला. मानेवरून घाम कॉलरमध्ये उतरला. मला काय बरं वाटलं म्हणून सांगू!

मग पाहुण्यांनी सगळं उकरून काढलं. रोग बोकडाबरोबरच आला होता, असं त्यांनी लिहिलं आणि ते वरकुट्याच्या ग्रामसभेत मीच मराठीत वाचून दाखवलं. दुसऱ्या दिवशी चुलतभाऊ गाभण शेळी घेऊन आला. आक्कानं हात पुढं केला नाही. "दावणीला तूच बांध," ती म्हणाली. "सोडून तूच न्हेलती."

"आता साहेबाला माफ करून टाका," मी एकदा म्हटलं.

"माफी देव देतो. मी शेळ्या पाळते. तू सांग, तोंड कसं झालं त्याचं?"

गेल्या उन्हाळ्यात आक्का गेली. त्यानंतर बारामतीत त्याच साहेबाचा सत्कार ठरला. कशाबद्दल? शेळीपालनातल्या कार्याबद्दल! मी गेले. लोक गुच्छ घेऊन स्टेजवर चढत होते, मी भंडाऱ्याची पुडी घेऊन चढले आणि त्याच्या कपाळभर पंजा फासला. "वरकुट्याच्या आक्काकडून," म्हटलं. त्याचं हसू तसंच राहिलं, पण कानाच्या पाळ्या लाल झाल्या आणि हात आपोआप चष्म्याकडे गेला. मी सगळं नीट बघून घेतलं, काही सुटू नये म्हणून.

तिथून तडक वरकुटं गाठलं. आक्काची सून चहा टाकायला आत गेली. दावणीला शेळ्या रवंथ करत होत्या. आक्काच्या बसायच्या जागी तिची वाकळ घडी करून ठेवलेली होती. मी तिच्यासमोर बसले.

कुणी विचारलं नाही. मी सांगितलं. मग परत सांगितलं.