इंद्रभानकाकांचा पासवर्ड

खामगावात माझं कॉम्प्युटर क्लासचं दुकान होतं तवा मी लई तापट होतो. अजूनही आहे म्हणा, पण तवा पोट्टे गेम खेळताना दिसले की मी सरळ मेन स्विच बंद करत होतो. आता त्या जागेत मोबाइलचे कव्हर विकतात, अन् तिथून जाताना मी मुद्दाम दुसरीकडं पाहतो. त्या दुकानात एकच माणूस असा होता, ज्याच्यावर मले कधी ओरडता आलं नाही. ते म्हंजे वडनेर भोलजीचे इंद्रभानकाका.

काकांची पोरगी धम्मशीला माझ्याकडं शिकायले होती. कापूस घेऊन मार्केटात आले की काका गाडी खाली करून तिले न्यायले यायचे. दारातूनच म्हणायचे, "सलाम, आसिम मास्तर!" मी म्हणायचो, "जयभीम काका!" एकमेकाचा नमस्कार आम्ही असा वाटून घेतला होता. मग चपला बाहेर काढून पंख्याखालच्या खुर्चीवर बसायचे, अन् जे बोलत सुटायचे ते विचारूच नका. केसात, कानात कापसाचे तंतू तसेच राहायचे. मले ते झटकून द्यावेसे वाटायचे.

कपाशीचं बीटी बियाणं येऊन काही वर्षं झाली होती. देशी कपाशीसोबत किती शब्द वावरातून निघून गेले, ही काकांची खंत. "मास्तर, बियानं बदललं तं बदललं, बोलनंबी बदललं. आता पोट्ट्यायले इचारा, फकस्त पाकिटावरचं नाव सांगते." एक दिवस मी वैतागलो. म्हटलं, "काका, मले काऊन सांगता? पोरीले सांगा, ती टाइप करून ठेवीन!" मी आपलं चेष्टेत बोललो, पण बापलेकीनं ते मनावर घेतलं. धम्मशीलाले क्लाससाठी एक वेबसाइट करायचीच होती. तिनं काकांच्या शब्दांची केली. एक शब्द, त्याच्यापुढं काकांनी सांगितलेला अर्थ, त्यांच्याच बोलीत.

ज्याले हे काम माहीत नाही त्याच्यासाठी सांगतो. वेबसाइटचं पान म्हंजे दर्शनी दुकान. खरा माल मागच्या गोदामात, त्याले डेटाबेस म्हणतात. आपण लिहिलेला प्रोग्राम हा दुकानातला नोकर. गोदाम कुठं आहे अन् कुलपाचा पासवर्ड काय, हे त्याले एका छोट्या फाइलीत लिहून द्यावं लागते. तो पासवर्ड धम्मशीलानं काकांनाच विचारला. मी तवा समोरच्या टपरीवर चहा सांगायले गेलो होतो. परत आलो तं दोघंही हसून हसून बेजार झालेले, अन् कारण काही मले सांगेनात.

पुढं शेतीत राम उरला नाही. काकाच पोरीले म्हणाले, "वावरात राहून काय करशीन माय? जाय पुन्याले." गेली. नोकरी लागली. पहिल्यांदा सुट्टीवर आली तं केळी घेऊन आली, अन् चक्क 'केळी' म्हणाली. आमच्याकडं केयी, डोया, कायं असंच चालते. ळ लिहितो आम्ही, पण जिभेवर तो टिकतच नाही, त्याचा य होते. मी चिडवलं, "वा वा, पुनेकर!" ती हसली नाही. "सर, मीटिंगमधे मी 'जवय' म्हटलं तं सगळे किती हसले..." त्याच्यानंतर तिनं त्या वेबसाइटचं नावही काढलं नाही. मले तिचा राग आला नाही, त्या हसणाऱ्यांचा आला.

काकांनी मात्र येणं सोडलं नाही. आता टाइप करायले मी. पानावर टाकलेला शब्द नोकरच गोदामात नेऊन ठेवत होता, त्यामुळं मले पासवर्डची गरज कधी पडली नाही.

ज्या वर्षी गुलाबी अळीनं जिल्ह्याची कपाशी खाल्ली, त्याच हिवाळ्यात काका गेले. शेतकरी गेला म्हटलं की लोक आवाज बारीक करून विचारतात, "कर्ज होतं का हो?" टाळकंच सरकते माझं. अरे, हार्ट अटॅकनं गेले, आंघोळीचं पाणी काढताना! शेतकऱ्याले साधं मरणही नाही का?

उन्हाळ्यात धम्मशीला आईले, म्हंजे चांगुणाकाकूले, घेऊन दुकानात आली. चेहरा उतरलेला. ज्या छोट्या कंपनीच्या सर्व्हरवर वेबसाइट होती, ती कंपनी बंद होऊन राह्यली होती. रविवारी सर्व्हर बंद, की काकांचे सगळे शब्द गेले. दुसरी प्रत कुठंच नव्हती. माझी जुनी हार्ड डिस्क कवाच जळली होती. काका गेल्यावर कंपनीनं मशीन बदललं तवा धम्मशीलानं पुण्यातून नवा प्रोग्राम चढवला, त्यात ती जुनी छोटी फाइल पुसली गेली, अन् पासवर्ड होता तिच्यातच. नवा मागावा, तं त्याचा कोड येणार काकांच्या नंबरवर. तो नंबर आता बंद.

काकू खुर्चीवर बसल्या, पंख्याखाली. धम्मशीलानं पान उघडलं. "डेटाबेसशी जोडणी होऊ शकली नाही." बस, एवढंच.

"सर, सर्व्हर आधीच बंद केला की काय त्यांनी?"

"बंद असता तं हा मेसेज तरी कोणं दाखवला असता? घाई नको करू."

आम्ही एकेक गोष्ट पाहत गेलो. नोकर गोदाम त्याच मशीनवर शोधत होता, अन् कंपनीनं गोदाम हलवलं होतं दुसऱ्या मशीनवर. धम्मशीलाले त्यांच्या जुन्या मेलमधे नवा पत्ता सापडला. तो टाकला. मेसेज बदलला: आता म्हणे, पासवर्ड चुकीचा.

"मेसेज बदलला म्हंजे गाडी पुढं सरकली," मी म्हटलं. "शब्द आठवते का?"

"आठवतो ना! बोंडअळी." तिनं इंग्रजी अक्षरात टाकला. नाही. मधला ए वाढवला. नाही. शेवटी डबल ई केला. नाही. "हाच शब्द होता सर, शपथ! आबांनी हाच सांगितला होता!"

"थांब व!" मी ओरडलोच. "अजून चुकली तं सर्व्हर आपल्याले दारातही उभं करणार नाही!"

तिचे डोळे भरून आले. मले माझीच लाज वाटली. काकू उठून जवळ आल्या. "काय म्हन्ते थे मशीन?"

"आबांचा शब्द ऐकत नाही आई."

"कसे म्हनले होते थे? जसंच्या तसं सांग बरं मले."

धम्मशीलानं नाक पुसलं. काकांसारखा एक हात गुडघ्यावर ठेवला, मान तिरपी केली, अन् आवाज जाड काढला. "बोंडअयी ठेव माय! बीटीवाले म्हन्ते थे आत घुसत नाही. थे घुसल्याबिगर राह्यते का? दार कितीबी लाव!"

काकू हसल्या, अन् हसता हसता पदर तोंडाले लावला. "हाव व, असेच बोलत होते, असेच." मीही हसलो. असं वाटलं की काका खुर्चीवरच बसून आहेत. धम्मशीला मात्र हसत नव्हती. ती तोंडातल्या तोंडात तोच शब्द पुन्हा म्हणत होती.

"बोंडअयी... सर, य. मी तवा य टाकला होता. मी तवा अशीच बोलत होती."

तिनं एलच्या जागी वाय टाकला. पान एक क्षण कोरं राहिलं, अन् मग वरून खाली शब्द उतरायले लागले. धम्मशीला हुंदके द्यायले लागली.

"आधी कॉपी कर, मंग रड!" मी म्हटलं.

पेनड्राइव्हवर सगळं उतरवल्यावर ती वाचायले बसली. वाचता वाचता थांबली. "हे शब्द तं मी टाकले नाही."

"काका सांगत होते, मी टाकत होतो. तू पुण्याले होती."

"वाच," काकू म्हणाल्या. "सगयात शेवटी काय सांगतलं थे वाच."

ती शेवटच्या शब्दावर गेली. तो टाइप करताना मी काकांकडं पाहिलं नव्हतं, एवढं मले आठवते. 'मोकळं' नाही म्हणाली ती. पडद्यावर होतं तसंच वाचलं.

"मोकयं. वेचनी सरल्यावरचं वावर. पोरगी पुन्याले गेल्यावरचं घर. दोन्हीतबी जाऊन उभं राह्यलं तं आपलाच आवाज येते."

काकू पोरीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "अजून एकडाव वाच व. तसंच."

तिनं पुन्हा वाचलं.