जबड्यातली पोकळी

खालचा जबडा उजवीकडे सुजला, म्हणून मी हिरडी दाबून पाहिली, तर तोंडात खारट, कुजकट पाणी उतरलं. बेसिनवर वाकून कितीतरी वेळ थुंकत राहिले. चेन्नईत एग्मोरला दातांच्या डॉक्टरीणबाई आहेत, त्यांनी एक्स-रे काढला. हाडात मोठी काळी पोकळी दिसत होती. त्यांनी तिथला तुकडा तपासायला पाठवला.

रिपोर्ट पाहून त्या म्हणाल्या, "कॅन्सर नाही. हाडातली साधी गाठ आहे, पण आत घाण साठलीय. आत्ताच सगळं खरवडलं तर जबडा मोडेल. नळी बसवते, रोज धुवायचं. पोकळी लहान झाली की उरलेलं काढू."

घरी पहिल्याच दिवशी नवऱ्याने टॉर्च धरला. मी सिरिंजने सलाइन सोडलं आणि नासलेल्या पनीरसारखे पिवळट गोळे बाहेर आले. त्या वासाने त्याला तिथेच उलटी झाली. हे तोंडात घेऊन मी रोज वर्गात शिकवत होते! माझी मलाच शिसारी आली.

"उद्यापासून मी एकटीच करीन," मी म्हणाले.

"टॉर्च कोण धरणार?" त्याने विचारलं, आणि दुसऱ्या दिवशी नाकाला रुमाल बांधून आला.

काही महिन्यांत हाड बरंच भरलं. उरलेली गाठ डॉक्टरीणबाईंनी काढली. ती पुन्हा होऊ शकते, म्हणून अधूनमधून एक्स-रे काढावा लागतो. आता वास येत नाही, असं सगळे सांगतात. तरी कुणी जवळ येऊन बोलू लागलं की माझा हात आपोआप तोंडावर जातो.