चाचांचा दागू

आमच्या शेजारच्या चाचांना चुकवून कुणी रत्नागिरीच्या बाजारात पोचल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही. परदेशातून लोक अत्तरं आणतात, ब्लँकेटं आणतात. आफ्रिकेतल्या जिबूती बंदरात वीस वर्षं क्रेन चालवून परतलेल्या चाचांनी अफार लोकांची एक रीत आणली. त्या रखरखीत मुलखात उंटांवर मिठाच्या लाद्या लादून फिरणारे अफार वाटेत भेटले की आधी खाली बसतात. पाणी कुठे, चारा कुठे, जनावरं कशी, माणसं कशी, सगळं सांगायचं आणि खरंच सांगायचं. खोट्या बातमीवर पुढचा माणूस तहानेने मरायचा. याला म्हणतात दागू. तिथे ते ठीक आहे हो, पण इथे मला कचेरी गाठायची असते! एकदा चाचांनी भर रस्त्यात रिक्षा अडवून विचारलं, "चारा?" रिक्षावाला मुकाट्याने म्हणाला, "चाचा, सीएनजीच्या पंपावर दोन तासांची लाईन हाय." चाचा खूश. मागून येणाऱ्या प्रत्येक रिक्षाला त्यांनी ती बातमी जातीने पोचवली.

खऱ्याची एवढी चाड असलेला हा माणूस एकाच माणसाशी मात्र धडधडीत खोटं बोलत होता. तिकडचा त्यांचा उंटवाला अफार दोस्त दर शुक्रवारी फोन करायचा. परतल्यावर हौसेने घेतलेली मासेमारीची होडी गुडघ्यांनी दगा दिल्यावर चाचांनी विकली होती, पण दोस्ताला सांगताना ती रोज समुद्रात जायची. "सांगून टाका एकदाचा," चाची म्हणायच्या. "तो मला दर्यावाला समजतो," चाचा म्हणायचे. "होडी गेली बोललो तर दोस्ती काय उरल?"

गेल्या शुक्रवारी मी त्यांच्या पडवीत बसलो असताना फोन आला. चाचा मोडक्या अरबीत बोलू लागले. मधेच फोनवर हात ठेवून मला म्हणाले, "उंट विकलान त्यानं. मीठ आता ट्रकनं जाता. ट्रकवाल्यांना चा विकतो बोलतो."

"मग आता तुम्ही?"

चाचांनी टोपी सारखी केली, ताठ बसले. "त्यानं खरा दागू दिलान. मला पण द्यायला पायजे."

आणि त्यांनी सांगून टाकलं. पलीकडून एकच वाक्य आलं आणि चाचांचे डोळे भरले.

"शिव्या घातल्यान काय?" मी घाबरून त्यांच्याच भाषेत विचारलं.

"नाय रे. बोलतो, होडीचा समजला. आता तुझा सांग."

आख्ख्या गावाची खबर घेणाऱ्या या माणसाला आम्ही कुणी हे कधी विचारलंच नव्हतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चाचा फोनवर सांगत राहिले ते संध्याकाळची मगरिबची अजान होईपर्यंत. मला एक शब्द कळत नव्हता, तरी मी उठलो नाही.