मायचा वर्षावास

आमच्या विहाराच्या कंपाउंडची भिंत कित्येक वर्षं गुडघ्याएवढीच आहे. किस्से मात्र आढ्याला लागलेत. संध्याकाळी चार माणसं त्या भिंतीवर टेकली की एक किस्सा वाढतो. म्हातारे सांगतात तेव्हा सगळे हसतात, कारण म्हाताऱ्यांच्या किश्श्यात म्हातारेच शहाणे असतात. मी सांगतोय तेही त्याच भिंतीवर बसून, फक्त तोंड दुसरीकडं करून. हसू आलं तर खुशाल हसा. मला फारसं येत नाही.

गाव पूर्णेपासून सायकलीनं अर्ध्या तासावर. बाप रेल्वेत गँगमन, माय दुसऱ्याच्या रानात निंदायला जाते. मी मिलिंद, शिक्षण नववी. पास का नापास ते कळायच्या आतच शाळा संपली. ती कशी संपली, तिथूनच सुरू करतो.

* * *

विद्यापीठाला नाव द्यायचा ठराव मुंबईत झाला आणि दगड आमच्या पत्र्यांवर पडले. दोन-चार दिवसांनी हेडमास्तरांचा निरोप आला, "वातावरण गरम आहे. तुमची पोरं काही दिवस घरीच ठेवा."

म्हणजे हाकललंच. पण हाकललं म्हणायला आमच्या मोठ्यांना लाज वाटली. विहार कमिटीचे अध्यक्ष किसनआबा रेल्वेतून रिटायर झालेले, आवाज इंजिनासारखा. ते मीटिंगमध्ये उभे राहिले. "ते काय आपल्याला काढतेत? आपणच बहिष्कार टाकू. नामांतर होईपर्यंत आपलं एक बी पोर त्या शाळेची पायरी चढणार न्हाई. ज्याचं चढंल, त्याच्या लग्नाला न्हाई, मयताला न्हाई."

टाळ्या कडाडल्या. मीही वाजवल्या. सोमवारी गणिताचा पेपर होता.

महिन्याभरात आबांचे दोन नातू नांदेडला मामाकडं गेले. हवापालटाला. संगं दप्तरं होती. माझ्या बापानं भीत भीत विचारलं, "आबा, ह्ये कसं?"

"बहिष्कार ह्या शाळेवर हाय," आबा म्हणाले. "नांदेडच्या शाळेनं आपलं काय वाकडं केलं?"

नात शोभा मात्र इथंच राहिली. पोरीला हवापालट लागत नाही.

* * *

माझी धाकटी बहीण कांता तेव्हा पहिलीत जायची होती. ती गेलीच नाही. मग मायनंच तिला घरी शिकवायला घेतलं. मायचं शिक्षण सातवीत लग्न होईपर्यंत.

फळा म्हणजे घराची मागची भिंत, खडू म्हणजे कोळसा. भिंत भरली की माय पांढऱ्या मातीचा हात फिरवायची आणि नवा धडा सुरू. घड्याळ शिकवायला मायनं पॅसेंजर धरली. टाइमटेबलात काय लिहिलंय आणि शिट्टी कधी ऐकू आली, ते बघायचं. गाडी कधीच वेळेवर येईना, त्यामुळं कांता घड्याळाच्या आधी वजाबाकी शिकली. हळूहळू शोभाही येऊन बसायला लागली. आबांना माहीत होतं. आबांना सगळं माहीत असतं.

एकदा आबा स्वतःच तपासणीला आले. बाजेवर बसले, कांताला पुढं घेतलं.

"आपला देश कोणता?"

"भारत."

"राजधानी?"

"दिल्ली."

"शाब्बास. आता सांग, आपल्या विद्यापीठाचं नाव काय?"

कांतानं मायकडं बघितलं, भिंतीकडं बघितलं. मग म्हणाली, "अजून ठरलं न्हाई."

आबा चहा न घेता गेले.

* * *

आबा मला रस्त्यात दिसले की उपदेश करायचे. मी तेव्हा पूर्णेच्या स्टेशनाबाहेर एका दुकानात सायकलींचे पंक्चर काढायचो.

"मिल्या, पोरांनी शिकावं रे. शिक्षणाबिगर गत्यंतर न्हाई."

"कुठं शिकावं, आबा?" मी विचारलं.

आबा पान थुंकायला बाजूला गेले. अजून आले नाहीत.

* * *

आता वर्षावास. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत आमच्या विहारात रोज संध्याकाळी ग्रंथाचं वाचन असतं. तथागतांचं चरित्र, पहिल्या पानापासून. वाचणारे जळबानाना. चष्मा आणि आवाज, दोन्ही त्यांच्याकडंच. बाया डावीकडं, माणसं उजवीकडं.

ऐकायला लय बरं वाटतं. पण होतं काय, की नाना एक पान वाचतात आणि चार पानांचं भाषण देतात. पूर्णेहून कुणी पाहुणा आला की त्याच्या मानासाठी पुन्हा सुरुवातीपासून. मधेच पत्रा गळतो. मधेच कमिटीत भांडण होतं आणि आठवडाभर कुलूप. आश्विन पौर्णिमेला ग्रंथ जिथं असंल तिथं बंद, खीर वाटायची, आणि पुढच्या आषाढात पुन्हा पान पहिलं. तीन वर्षं मी बघतोय. सिद्धार्थ दर वर्षी घर सोडतो आणि नदीकाठाच्या पुढं काही जात नाही.

डावीकडं पारूआजी बसायची. सगळ्यात आधी यायची, पुढं सरकून कान द्यायची. खीर वाटताना तिनं नानांना धरलं. "नाना, त्या लेकराला पुढं ज्ञान झालं का न्हाई?"

"झालं की, आजी. पुढच्या वर्षी वाचू."

पारूआजी पुढच्या वर्षाला राहिली नाही.

* * *

त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात शाळेत नवे हेडमास्तर आले. बरा माणूस. सायकल मारत वस्तीत आला आणि हात जोडून म्हणाला, "झालं गेलं सोडा. लेकरं पाठवा. मी वयाप्रमाणं वर्गात बसवतो. वर्षाच्या मधेच आली तरी घेईन."

आबा म्हणाले, "नामांतर झालं की पाठवू."

म्हणजे शाळा उघडी, आणि दाराला पाठ लावून आमचेच मोठे उभे. माय त्या रात्री जेवली नाही. कांता नऊ वर्षांची होत आली होती.

दुसऱ्या दिवशी मीटिंग होती. माय दारात जाऊन उभी राहिली. "आबा, कांताला शाळेत घालते म्हणते."

"ठराव हाय, सूनबाई. ठराव मोडायला ठराव लागतो."

"मग मांडते."

"बाया सभेत बोलत न्हाईत."

"कामून?"

जळबानाना मदतीला धावले. "हे बघ पोरी, ज्यानं ग्रंथ शेवटपर्यंत वाचला त्यानं उठून बोलावं. मग बाई असू की बाप्या. रीतच हाय ती."

रीत कसली, त्याच मिनिटाला जन्मली होती. उजवीकडचे सगळे हसले. माझा बापही हसला, मान खाली घालून.

मायनं विचारलं, "शेवटपर्यंत?"

"शेवटपर्यंत."

"ह्या वर्षावासात वाचते."

* * *

विहारातला ग्रंथ कपाटात, निळ्या कापडात, किल्ली आबांकडं. तो मिळणार नव्हताच. बापानं मात्र एक काम केलं. हसल्याची भरपाई असंल. पूर्णेच्या रेल्वे क्वार्टरमधल्या एका फायरमनकडून त्याच ग्रंथाची प्रत मागून आणली, आश्विन पौर्णिमेपर्यंत परत द्यायच्या बोलीवर.

माय चुलीपाशी वाचायला बसायची. जोडाक्षर आलं की तिची गाडी थांबायची. कांता पुढची ओळ वाचायची, माय त्याच्या पुढची. खूण म्हणून झाडूची काडी. ती काडी कोणत्या पानात आहे, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक असायचं. कधी दिवसभर निंदून आलेली माय अर्ध्या ओळीत बसल्या बसल्या झोपायची. मी म्हणायचो, "सोड ना. त्यांनी तुला खेळवलंय." ती म्हणायची, "मग खेळते."

भाकरी हमखास करपायची. एक दिवस ताटात कोळसाच आला. बापानं तो उलटून पालटून बघितला आणि म्हणाला, "आज सिद्धार्थ लय लांब गेलता वाटतं."

* * *

माय वाचलेलं निंदताना बायांना सांगायची. ओळीनं बसून तण काढायचं आणि रात्रीची पानं ऐकायची. दोन महिने असे गेले, आणि विहारात मजा आली. नाना रंगात आले होते. सिद्धार्थ घोड्यावरून नदीकाठी आला. नानांनी चष्मा काढला, पुसला. "आता बोला, पुढं काय झालं असंल?"

डावीकडून चार बाया एकदमच म्हणाल्या, "सारथ्याला घोडा घेऊन माघारी धाडलं."

"कुणी सांगितलं?"

"निंदताना कळलं."

नानांनी चष्मा लावला. "मधी बोलू न्हाई," म्हणाले, आणि ते पान दोनदा वाचलं.

* * *

मग आबा आले. दारातूनच बोलले, आत येईनात.

"सूनबाई, ग्रंथ चुलीपाशी वाचायचा नसतो. अंघोळ करावी, पांढरं नेसावं, पाटावर ठेवावा. पावित्र्य असतं."

मायनं भाकरी उलटली. "आबा, सोवळं आपण नदीत सोडलं, असं तुमीच सांगितलं व्हतं. का घरी घेऊन आलाव?"

आबांनी इकडं तिकडं बघितलं. ऐकायला मी होतो, कांता होती आणि त्यांचीच शोभा होती. शोभा भिंतीवर कोळशानं शुद्धलेखन लिहीत होती. तिनं आज्याकडं बघितलं आणि जरा बाजूला सरकून त्यांना बसायला जागा केली. आबा बसले नाहीत.

* * *

आश्विन पौर्णिमा रविवारी आली. परभणीहून पाहुणे आलेले. नानांचं वाचन नेहमीच्या ठिकाणी, नदीकाठावर येऊन थांबलं होतं. घोडा अजून माघारी गेला नव्हता. खिरीचा वास सुटलेला. आबांनी रिवाजाप्रमाणं विचारलं, "कुणाला काही बोलायचं हाय का?" आणि उत्तराची वाट न बघता हार उचलला.

माय उभी राहिली. "मला बोलायचं हाय. मी शेवटपर्यंत वाचला."

पाहुणे समोर, म्हणून आबांना ओरडता येईना. नाना पुढं झाले. "वाचला म्हनं कुणी बी. शेवटी काय हाय, सांग."

"शेवटी तथागत जातेत," माय म्हणाली. "त्यांचा शिष्य आनंद दाराच्या चौकटीला धरून रडायलाय. त्याला आत बोलावून सांगतेत, रडू नको, तू लय केलंस माझं." तिनं डावीकडच्या सगळ्यात पुढच्या जागेकडं बघितलं. "पारूआजीला सांगायचं ऱ्हाऊन गेलं."

नानांना खात्री करायची होती. त्यांनी विहाराचा ग्रंथ उघडला आणि शेवटाकडं गेले. छापखान्यात कडा कापायची राहिली की पानं एकमेकांना जोडलेली येतात. वाचत जाईल तशी ती सुरीनं कापावी लागतात. नानांच्या हातातल्या ग्रंथाची सुरुवातीची पानं बोटं लागून काळी पडली होती. नदीकाठाच्या पुढची सगळी जोडलेली. जशी आली तशी. माझ्यासारखे चारजण वाकून बघत होते. पाहुणेही बघत होते.

नानांनी चष्मा काढला आणि ग्रंथ मिटला.

"बरोबर हाय," म्हणाले.

* * *

आता माय भाषण करंल असं सगळ्यांना वाटलं. ती दोनच वाक्यं बोलली. "उद्या सकाळी कांताला घेऊन शाळेत चालले. ज्यांचं लेकरू यायचं, त्यांनी न्हाऊ घालून ठेवावं." आणि खाली बसली. आबा म्हणाले, "ह्ये ठरावात बसत न्हाई. लग्नाला न्हाई, मयताला न्हाई, ध्यानात ठेव." खीर झाली. लोक गेले. आमच्याशी कुणी बोललं नाही. घरी बाप नुसता छताकडं बघत पडला होता.

सकाळी मी अंगणात आरसा टेकवून दाढी करत होतो. माय कांताच्या वेण्या घालत होती. गल्लीत कुणी नव्हतं. मायनं दोनदा दाराकडं बघितलं, तिसऱ्यांदा बघायचं टाळलं.

मग कोपऱ्यावरून आबा आले. धोतर, टोपी, काठी. दुसऱ्या हाताला शोभा. डोक्याला तेल, खांद्याला नातवाची जुनी पिशवी.

आबा मायकडं बघेनात. अंगणातल्या निंबाकडं बघून म्हणाले, "मी काय ठराव मोडला न्हाई. मी आपला फिरायला निघालतो. ही संगं आली."

त्यांच्या मागं, घराघराच्या दारांत, न्हालेली पोरं दिसायला लागली. केसांतून पाणी गळत होतं.

मायनं एका हाताला कांता धरली, एका हाताला शोभा, आणि चालायला लागली. पोरं मागं. आबा तिथंच काठी टेकून उभे राहिले. लेकरं वळणाआड जाईपर्यंत बघत राहिले. मग त्यांचं लक्ष माझ्याकडं गेलं.

"मिल्या," म्हणाले, "तू बसलास कामून? जा की संगं."

माझ्या अर्ध्या तोंडाला साबण होता.