बाबांच्या छातीतली जुनी तार

कॅनडातल्या वॉटर्लूत माझं पोट एका तारेवर चालतं. पेसमेकरपासून हृदयापर्यंत जाणारी तार एमआरआयच्या रेडिओलहरींत किती तापते, ते मी माणसाच्या शरीराऐवजी जेलीने भरलेल्या टबात मोजतो. त्यातही माझा लाडका विषय म्हणजे बेवारस तारा. पेसमेकर बदलताना जुनी तार ओढून काढणं कधीकधी धोक्याचं असतं, म्हणून ती आतच सोडतात. अशी मोकळ्या टोकाची तार जास्त तापून हृदयाला चटका देऊ शकते. यावर मी परिषदांमध्ये भाषणं देतो आणि लोक टाळ्याही वाजवतात.

वीजखात्यातून निवृत्त झालेले बाबा छातीत पेसमेकर घेऊनच नागपूरहून आमच्याकडे राहायला आले. इथल्या मराठी घरांत एक रीतच पडून गेली आहे: आईवडिलांचे फॉर्म मुलाने भरायचे आणि त्यांनी बोट दाखवलं तिथे सही करायची. हेल्थ कार्ड असो की लायब्ररी, बाबांची उत्तरं मीच देत आलो. लाइन बंद आहे की नाही हे स्वतः तपासल्याशिवाय जो माणूस कधी खांबावर चढला नाही, तो माझ्या फॉर्मवर डोळे मिटून सही करायचा. मला त्याचा अभिमानच वाटे.

या हिवाळ्यात बाबांच्या पायांतली ताकद जाऊ लागली. बेसमेंटच्या जिन्यात दोनदा पडले. मणक्याचा एमआरआय लवकर झाला नाही तर चालणं कायमचं बंद होऊ शकतं, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं.

बऱ्याच खटपटीने तारीख मिळाली. फॉर्म मी पार्किंगमध्ये कॉफी पीत भरला. ‘शरीरात जुन्या, न जोडलेल्या तारा आहेत का?’ हा प्रश्न वाचून मला हसूच आलं. आमच्यासारख्यांच्या अभ्यासामुळेच तर तो तिथे आला होता. मी ‘नाही’वर खूण केली, बाबांनी सही केली.

आत तंत्रज्ञ बाईंनी आधी छातीचा एक्स-रे मागितला. मी कोण आहे, काय करतो, हे त्यांना सविस्तर ऐकवलं. त्यांनी ते शांतपणे, अगदी कॅनडियन सौजन्याने ऐकून घेतलं आणि एक्स-रे काढायला पाठवलं. मी जाम वैतागलो.

पडद्यावर दोन तारा पेसमेकरला जोडलेल्या दिसल्या. तिसरी गळपट्टीच्या हाडाखाली कुठेच न जोडता संपत होती. बाईंच्या आधी मीच तिला ओळखलं. आमच्या ऑफिसच्या कॉफी मगवर तिचंच चित्र आहे.

त्या दिवशीचा स्कॅन रद्द झाला. बाहेर येऊन मी बाबांवरच चिडलो, हे आधी का नाही सांगितलं म्हणून.

“नागपूरला पेसमेकर बदलला तेव्हा सांगितलं होतं न तुला फोनवर, जुनी तार आतच ठेवली म्हणून,” बाबा म्हणाले. “तू म्हटलं, बाबा, उद्या बोलू, आता माझं भाषण आहे.”

भाषणाचा विषय मला आठवत होता. मला माझी भयंकर लाज वाटली.

पुढे डॉक्टरांनी मार्ग काढला. लहरींची ताकद कमी ठेवून, हृदयाचे डॉक्टर शेजारी असताना स्कॅन करायचं ठरलं. फॉर्म मात्र नव्याने भरायचा होता. या वेळी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून मी एकेक प्रश्न विचारला आणि बाबांनी सांगितलं तेच लिहिलं. डाव्या मांडीत एक स्क्रू आहे, हेही तेव्हाच कळलं. तो बसवला तेव्हा माझी परीक्षा चालू होती, म्हणून त्यांनी मला कळवलं नव्हतं.

शेवटी मी सहीच्या जागेवर बोट ठेवलं. बाबांनी ते हळूच बाजूला केलं, चष्मा लावला आणि दोन्ही पानं पहिल्यापासून वाचायला घेतली.